फळीवरचा नारळ

टेक्सासमधल्या अर्विंगच्या बर्मी विहारात मिटिंगची एक वही आहे. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात काही वर्षांच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत. त्यांतल्या एका पानावर इंग्रजीत एक वाक्य आहे. त्याचा अर्थ असा, की ओन मे यांनी विहाराच्या आवारातली आपली पूजा आणि तिथली फळी स्वखुशीने बंद केली आहे.

ते वाक्य खोटं आहे. ते मी लिहिलं. ती वही उघडून कोणी माझी चूक काढेल असं वाटत नाही. मी आता त्र्याऐंशी वर्षांचा आहे, मिरजेत असतो, हात अजून चालतो. म्हणून लिहून ठेवतोय.

ओन मेला मी इथे ‘ती’ म्हणणार आहे. सगळं विहार तिला तसंच समजायचं. मी तेव्हा काहीच म्हणत नव्हतो. सात वर्षांत मी तिला एकदाही कोणत्याही नात्याने हाक मारली नाही. काम असलं की समोर जाऊन उभा राहायचो.

मिलिंद, माझा मुलगा, टेक्सासला शिकायला म्हणून गेला आणि तिकडचाच नागरिक झाला. त्याची आई वारल्यावर, दोन हजार एकमध्ये, त्याने मला बोलावून घेतलं. मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो होतो. मिलिंद आणि सून वैशाली दिवसभर ऑफिसात. मला गाडी येत नव्हती, आणि तिकडे गाडीशिवाय माणूस घराच्या कोपऱ्यापर्यंतच जातो. रविवारी तेवढं विहारात नेऊन सोडायचे.

विहार म्हणजे साध्या वस्तीतलं एकमजली घर. बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्ती, मागच्या खोलीत दोन भिक्खू, गाडी लावायच्या जागेत जेवणाची घडीची टेबलं. महाराष्ट्रातल्या बौद्धांची तिथे दहाबारा घरं होती, नागपूरकडची जास्त. आमचं स्वतःचं विहार नव्हतं म्हणून आम्ही बर्मी लोकांच्यात जायचो. त्रिसरण त्यांनाही पाठ, आम्हालाही. चाल तेवढी वेगळी.

पहिल्या रविवारी मी भिंतीला टेकून उभा होतो. स्वयंपाकघरातून एक उंच बाई आली. गालांवर पिवळसर लेप, फुलाफुलांची लुंगी, अंबाड्यात प्लास्टिकची फुलं. तिने माझ्या हातात लसणाची परात दिली. बोलली तेव्हा आवाज पुरुषाचा होता.

“बसा. उभं राहून पुण्य लागत नाही.”

तिचं इंग्रजी तुटक, माझंही तसंच, त्यामुळे आमचं जमायचं. दहा मिनिटांनी ती परत आली आणि परातीत वाकून बघितलं.

“सयाजी, लसूण सोलताय की फाइल बघताय?”

सयाजी म्हणजे त्यांच्यात गुरुजी, मोठा माणूस. ती मला शेवटपर्यंत सयाजीच म्हणाली.

आठवड्याचे इतर दिवस ती एका सुपरमार्केटात सुशी करायची. तिकडे बरेच बर्मी लोक जपानी सुशी करतात, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. तिथे ती पुरुषांच्या पॅन्टशर्टात, डोक्यावर कागदी टोपी, छातीवर ‘टोनी’ नावाचा बिल्ला. रविवारी अंबाडा आणि लुंगी. ती हे कोणापासून लपवत नव्हती आणि कोणाला समजावतही नव्हती. तिच्या हातांना कायम व्हिनेगरचा वास यायचा. भात मुठीत घेतला की तो किती भरला हे तिला वजन न करता कळायचं. विहारात वाढताना ती प्रत्येकाच्या ताटात अगदी सारखा भात टाकायची, भिक्खू असो की पोर.

विहाराच्या मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, एक फळी होती. तिच्यावर एक नारळ, त्याला लाल फडकं गुंडाळलेलं, दोन्ही बाजूंना केळी. ही तिची जागा. नॅट म्हणजे बर्मी लोकांची दैवतं, पण देव नव्हेत. अपघाताने, अन्यायाने, अवेळी मेलेली माणसं. ओन मे त्यांच्यातल्या एकाची लग्नाची बायको होती. मंडालेजवळ, ती सोळा वर्षांची असताना, रीतसर लग्न लागलं होतं. अशा व्यक्तीच्या अंगात नॅट येतो. लोक तिच्याकडे अडचणी घेऊन येतात, आणि तिच्यासारखी माणसं, जी कागदावर पुरुष आणि राहायला बाई, तीच बहुधा या कामाला निवडली जातात. हे मला तिनेच लसूण सोलता सोलता सांगितलं.

“नवरा कसा आहे?” आमच्यातल्या एका नागपूरच्या पोराने तिला चेष्टेने विचारलं.

“दारू पितो. पत्ते खेळतो. घरी येत नाही.” तिने कढईत कांदा टाकला. “तुझ्या बायकोला विचार, तीही हेच सांगेल.”

“ओ मावशी, मी फक्त बिअर पितो यार!”

“मग तुझा नॅट व्हायला वेळ आहे.”

त्या पोराने तिला पहिल्याच दिवशी मावशी केलं होतं. त्याला ते कसं जमलं याचं मला नवल वाटायचं.

मी एकदा तिला विचारलं, “समोर बुद्ध असताना हे कशाला?”

“बुद्ध मोठ्या कामाला,” ती म्हणाली. “दुःख, जन्म, मरण. पण गाडी सुरू होत नाही, सासू बोलत नाही, झोप येत नाही, याला बुद्धाला कशाला उठवायचं?”

एका शनिवारी मिलिंदने आम्हा दोघांना इंडियन स्टोअरला नेलं. तिला नारळ हवा होता. तिकडे नारळ येतो तो बहुतेक सोललेला, गुळगुळीत. तिला देठासकट हवा असायचा, ते कधीच मिळालं नाही; शेवटी शेंडीवाल्यावर तिने तडजोड केली होती. ती एकेक नारळ कानाशी धरून हलवायची. डोळे मिटून. पंधरा नारळ झाले. मागे रांग लागली.

“बेन, सगळे सेम आहेत,” काउंटरवरचा गुजराती म्हणाला.

“मग तू कमी पाण्याचा घे,” ती म्हणाली आणि सोळावा उचलला.

गाडीत मी विचारलं, पाण्याचं एवढं काय? तिने सांगितलं. एक लोहार होता. इतका ताकदवान, की राजा त्याला घाबरला. राजाने त्याला फसवून बोलावलं, झाडाला बांधलं आणि जिवंत जाळलं. त्याच्या बहिणीने त्याच आगीत उडी घेतली. तो लोहार आता घराघरात नारळात राहतो.

“अजून आग होते त्याची. नारळाचं पाणी गार असतं.” मांडीवरचा नारळ तिने दोन्ही हातांनी धरला होता. मिलिंद गाडी हळू चालवत होता.

आता मला माझ्या चुलत्याबद्दल लिहावं लागेल. मी हे मिलिंदलाही सांगितलेलं नाही.

सिदू चुलता वडिलांचा धाकटा भाऊ. लहानपणी त्याच्या केसांत जट आली, म्हणून आजीने त्याला यल्लम्माला सोडलं. तो जोगत्या झाला. लुगडं नेसायचा, हातात बांगड्या, देवीचा जग, म्हणजे मुखवटा बसवलेली टोपली, डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायचा. लग्नाकार्यात त्याला मानाने बोलवायचे आणि मागून हसायचे. मला तो फार आवडायचा. फिरून आला की माझ्यासाठी भंडाऱ्याच्या पुडीत गूळ बांधून आणायचा.

मी पंधरा वर्षांचा असताना आमच्या वस्तीने धम्मदीक्षा घेतली. देव टोपल्यात भरून ओढ्यात सोडले. त्याच आठवड्यात वडिलांनी आणि वस्तीतल्या चार माणसांनी चुलत्याला अंगणात बसवून जट कापली. सदरा आणि विजार दिली. तो विरोधात काही बोलला नाही. मी पलीकडे उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी घरात गेलो.

चुलता त्यानंतर अकरा वर्षं जगला. विजार घालून रस्त्याच्या कामावर जायचा. गाताना मी त्याला परत ऐकलं नाही. आमच्या घरात त्याचा विषय निघाला की मी उठून जायचो, आणि नोकरीला लागल्यावर, घरात किती माणसं असं कोणी विचारलं की मी त्याला वगळून सांगायचो.

देव सोडले ते बरोबरच केलं, हे मी आजही म्हणतो. त्या देवांनी आमच्या माणसांना भीक मागायला लावली, पोरी नासवल्या. बावीस प्रतिज्ञा मी मोडलेल्या नाहीत. पण चुलत्याला कोणी विचारलं नव्हतं.

दर उन्हाळ्यात ओन मे विहाराच्या मागच्या अंगणात नॅटचा उत्सव करायची. ताडपत्री बांधायची, टेपवर ढोल आणि सनईसारखं काहीतरी. ती एकामागून एक पोशाख बदलून नाचायची. आधी राणी, मग म्हातारी, मग तिचा तो दारुडा नवरा, तोंडात सिगारेट आणि हातात बाटली. बायका तिच्या कमरेच्या शेल्याला नोटा टाचायच्या आणि कानात प्रश्न विचारायच्या. मी पहिल्या वर्षी खुर्चीत बसून बघितलं. गिरकी घेताना ती लुंगीचा काठ डाव्या हाताने चिमटीत धरायची, करंगळी बाहेर. चुलता लुगड्याचा काठ तसाच धरायचा.

नंतर तिने सगळ्यांना केळी वाटली. मला दिलं तेव्हा घामाने तिचा लेप ओघळला होता. मी केळं घेतलं आणि मिलिंदला फोन केला, की लवकर ये.

दोन हजार तीनच्या थंडीत वैशाली सहाव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी. दोन दिवस जगली. हॉस्पिटलात आम्ही तिघं होतो. घरी आल्यावर त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मिलिंद चौथ्या दिवशी ऑफिसला गेला. वैशाली खोलीत पडून असायची. मी दाराबाहेर चहा ठेवायचो, तो तासाने तसाच उचलायचो. तिच्याशी काय बोलावं हे मला येत नव्हतं. मी वंदना म्हणायचो, हॉलमध्ये, हळू आवाजात.

ओन मेची सुट्टी गुरुवारी असायची. ती दोन बस बदलून आली. वैशालीच्या पलंगाशी कार्पेटवर बसली आणि सोबत आणलेल्या कुठल्याशा लुंगीला टीप घालत राहिली. बोलली नाही. दुसऱ्या गुरुवारी तसंच. तिसऱ्या गुरुवारी मी दोन कप घेऊन जात होतो आणि आतून रडण्याचा आवाज आला. घरात महिन्याभरात पहिल्यांदाच कोणी रडत होतं. मी कप घेऊन तिथेच उभा राहिलो. कितीतरी वेळ.

ती गेल्यावर मी खोलीत गेलो. पुस्तकांच्या फळीवर एक नारळ होता, पांढऱ्या फडक्यात, आणि समोर बशीत दूध.

“हे काय आहे?”

“राहू द्या, बाबा.”

“आपल्यात असलं काही करत नाहीत, वैशाली.”

“तुम्ही नका करू.” तिचे डोळे सुजले होते. “ती म्हणाली, ज्यांच्यासाठी नीट कोणी रडलेलं नसतं त्यांना जेवायला वाढायचं. बाबा, आपण तिचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं.”

मी बाहेर आलो. मला राग आला होता. देव घरात आला म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझी सून माझ्यासमोर रडली नव्हती, मुलासमोर रडली नव्हती, आणि त्या व्यक्तीसमोर रडली. चुलत्यासारखा काठ धरणाऱ्या व्यक्तीसमोर.

पुढच्या उन्हाळ्यातल्या उत्सवानंतर शेजारच्या घरातून विहाराला एक चिठ्ठी आली. सभ्य चिठ्ठी होती. संगीत थोडं हळू ठेवता येईल का, एवढंच. कमिटीत आम्ही पाच जण होतो. अध्यक्ष डॉक्टर विन, म्हातारे बर्मी दातांचे डॉक्टर. मला सेक्रेटरी केलं होतं, कारण मला नोंदी लिहिता यायच्या. चिठ्ठी मीच वाचून दाखवली.

“ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या वर्षी टेप आतल्या खोलीत लावू. दुसरा विषय?”

“प्रश्न आवाजाचा नाही,” मी म्हणालो. “हे धम्मात बसत नाही. अंगात येणं, दारू, असे वेश. शेजाऱ्यांना काय दिसतं? आपली मुलं इथे येतात, त्यांना आपण काय सांगणार?”

एक तरुण सभासद हसला. “माझी आई ऐकायची नाही. गाडीचा रंगसुद्धा तिने ओन मेला विचारून घेतलाय.”

“म्हणूनच,” मी म्हणालो. मी बराच वेळ बोललो. प्रतिज्ञांबद्दल बोललो, आमच्या लोकांनी काय सोसलं त्याबद्दल बोललो. ते सगळं खरं होतं, आणि मी ते तिच्याविरुद्ध वापरलं. कमिटीतली माणसं शिकलेली होती, त्या उत्सवाची त्यांना आतून थोडी लाजही वाटत होती. ती लाज मला ओळखीची होती. मी तिथेच बोट ठेवलं.

“हे घर तिने शोधलं, तुम्हाला माहीत आहे?” डॉक्टर विन म्हणाले. “भंते यायच्या आधी अंगणातलं गवत ती कापत होती. निदान तिला बोलावून विचारू.”

ती भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात होती. तळणाचा आवाज येत होता.

“आता नको,” मी म्हणालो. “लोकांसमोर वाद होईल. मीच सांगतो तिला.”

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मी वहीत ठराव लिहिला, आणि त्याखाली, कोणी न सांगता, ते वाक्य लिहिलं. स्वखुशीने. सरकारी नोकरीत मी तो शब्द पुष्कळदा लिहिला होता. तो लिहिला की फाइल बंद होते.

मग जेवण झालं. तिने वाढलं. माझ्या ताटात इतरांइतकाच भात टाकला.

जेवणानंतर मी अंगणात गेलो. ती फळी पुसत होती.

“कमिटीने ठरवलंय,” मी म्हणालो. “यापुढे इथे हे करता येणार नाही. फळीसुद्धा काढायची.”

तिने फडकं पिळलं. “सगळ्यांनी ठरवलं?”

“कमिटीने.”

“सयाजी, तुम्ही काय म्हणालात?”

“मी फक्त लिहितो,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. तिला कळलं असावं. त्या भिंती पातळ होत्या.

“बरं,” ती म्हणाली. “मग लिहा.”

तिने नारळ उचलला, केळी एका मुलीला दिली, स्क्रूड्रायव्हर मागून आणला आणि फळी स्वतः काढली. भिंतीवर चार भोकं राहिली. पुढचे तीन रविवार ती स्वयंपाकाला आली. चौथ्या रविवारी आली नाही. लसणाची परात मला कोणी दिली नाही, मी आपणहून घेतली.

वैशालीला मी काहीच सांगितलं नाही. ओन मे का येत नाही, असं तिने विचारलं तेव्हा म्हणालो, कामाच्या वेळा बदलल्या. दोन हजार पाचमध्ये वैशालीला मुलगी झाली, ती जगली, नीट आहे. खोलीतल्या फळीवरचा नारळ वैशाली वर्षातून एकदा बदलायची. मी त्यावर परत बोललो नाही. तिने मलाही परत काही विचारलं नाही.

दोन हजार आठमध्ये मी कायमचा परत यायचं ठरवलं. गुडघे गेले होते. जाण्याआधी ओन मेला भेटायचं आणि वहीतलं खरं काय ते सांगायचं, असं मी ठरवलं. मिलिंदला म्हणालो, मला त्या सुपरमार्केटात सोड, मला सुशी घ्यायची आहे.

“बाबा, तुम्ही सुशी खाणार?”

“सोड,” मी म्हणालो.

दुपार होती. ती काचेमागे होती, कागदी टोपी, टोनीचा बिल्ला. तिच्या अंगात आधीही फार मांस नव्हतं, आता आणखी उतरली होती. एक मेक्सिकन बाई तिच्याकडून काहीतरी बांधून घेत होती. मॅनेजर मागून ट्रे घेऊन गेला, मग रिकामा परत आला. मी माझ्या पाळीची वाट बघत होतो. तेव्हा मला दिसलं. तिच्या मागच्या फळीवर, भाताच्या कुकरशेजारी, एक लहान नारळ होता, लाल फडक्यात. गिऱ्हाइकाला वाटेल दुकानाची सजावट आहे.

तिची नजर वर आली.

“सयाजी!” ती हसली. तेच हसणं. “वैशाली कशी आहे? बाळ?” बाळाचं तिला विहारातल्या बायकांकडून कळलं असावं.

“तीन वर्षांची झाली,” मी म्हणालो.

“छान. छान.” बोलता बोलता तिने डावा हात मागे नेला आणि प्लास्टिकच्या रिकाम्या डब्यांची चळत सरकवून नारळापुढे आणली. अगदी सावकाश, माझ्याकडे बघत, हसत. मेक्सिकन बाईसाठी तिने ते हलवले नव्हते. मॅनेजर दोनदा गेला तेव्हाही नाही.

“काय देऊ?”

मी एका डब्याकडे बोट दाखवलं. तिने तो दिला, वर आल्याची एक पुडी जास्त ठेवली. “हे तिखट असतं, जपून.” मागे आणखी माणसं उभी होती. मी सांगायला आलो होतो ते सांगितलं नाही. मी भारतात जातोय एवढं म्हणालो. तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. हातमोज्यांना भाताची शितं चिकटली होती.

पैसे द्यायच्या रांगेपाशी पोचल्यावर मी मागे वळून पाहिलं. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि डबे परत बाजूला सरकवत होती.